मृत्यूनंतरच ऐकू येणारा आवाज

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या एखाद्या कादंबरीवरून पालक, शिक्षक आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्यात मोठा वाद झडावा, असे प्रसंग विरळच. जे अ‍ॅशर या अमेरिकी लेखकाच्या ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीच्या वाट्याला तो प्रसंग आला. सोबत्यांनी पसरवलेल्या अफवा, टिंगल आणि अत्याचार यांनी खचून हॅना बेकर ही शाळकरी मुलगी आयुष्य संपवते. मागे उरतात तिने ध्वनिमुद्रित केलेल्या सात ध्वनिफिती. त्यांच्या तेरा बाजूंवर तिची कहाणी आहे आणि त्या कहाणीत ज्यांची नावे आहेत, त्यांनाच ती ऐकावी लागते.

२०१७ साली ‘नेटफ्लिक्स’ने या कथेवर मालिका काढली, तेव्हा वाद जगभर पोहोचला. न्यूझीलंडने अठरा वर्षांखालील मुलांनी ती वडीलधाऱ्यांसोबतच पाहावी, असे बंधन घातले. आत्महत्येचे सविस्तर दृश्य कंपनीने २०१९ साली काढून टाकले. मालिका आली त्या सुमारास अमेरिकेत कुमारांच्या आत्महत्या वाढल्याचे एका अभ्यासात आढळले. दुसऱ्या संशोधकांनी त्या निष्कर्षावर आक्षेपही घेतले. एवढ्यावरून पुस्तकाला दोषी ठरवणे न्यायाचे होणार नाही.

मुलांच्या जगातील छळाविषयी ही कादंबरी बोलते, हा तिचा दोष नव्हेच. तो तिचा गुण आहे. दोष आहे तो तिच्या रचनेत. हॅना जिवंत असताना तिचे कोणी ऐकत नाही. शाळेतील समुपदेशकापाशी ती मन मोकळे करू पाहते, पण तोही तिला समजून घेण्यात कमी पडतो. मृत्यूनंतर मात्र तिचा शब्द न् शब्द कान देऊन ऐकला जातो. दुखावलेल्या कोवळ्या मनाने यातून काय घ्यावे? आपण गेल्यावरच जग आपले ऐकते, हा समज अत्यंत घातक आहे आणि तितकाच खोटा.

‘ही सारी पाश्चात्त्य कुटुंबव्यवस्थेची फळे’ असे म्हणून हात झटकणे आपल्याला सोपे वाटेल. पण आकडे तशी मुभा देत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला होता. रॅगिंगविरोधी कायदा आपल्या राज्याने १९९९ सालीच केला. परंतु वर्गातील कुजबूज, रिक्षातील दादागिरी आणि मोबाईलवरून फिरणारी टवाळी येथवर कायद्याचा हात सहसा पोहोचत नाही. तेथे घर आणि शिक्षक यांनीच पोहोचावे लागते.

आपल्या परंपरेत याचे उत्तर नाही काय? गीतेचा पहिला अध्याय म्हणजे एका खचलेल्या वीराचा विषाद. हातातून धनुष्य गळालेला अर्जुन बोलत राहतो आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत श्रीकृष्ण मध्ये पडत नाही. पुढे तो खडसावतो, समजावतो. पण रथ सोडून जात नाही. आधी ऐकणे, मग उपदेश, हा क्रम आपण घरात पाळतो का? गुण कमी पडले, कोणी चिडवले, असे मुलाने सांगताच ‘त्यात काय एवढे’ म्हणून त्याचे तोंड बंद करणारी घरे संस्कारांच्या गप्पा कोणत्या तोंडाने मारणार?

मराठी कुमारसाहित्यानेही हे आव्हान स्वीकारावयास हवे. साने गुरुजींच्या श्यामला मन मोकळे करायला आई होती, भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपाशी साहस होते. आजच्या छळ सोसणाऱ्या मुलाला अशी कथा हवी, ज्यात तो जिवंतपणी बोलतो आणि आई, मामा, शिक्षक किंवा मित्र त्याचे ऐकून घेतात.

तोवर मुलाच्या हाती असे पुस्तक दिसले तर ते हिसकावून घेऊ नये. त्याच्याबरोबर वाचावे आणि त्याला बोलते करावे. गरज भासल्यास शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. मुलाचा आवाज वेळेत ऐकू येणे, हीच कोणत्याही संस्कारांची पहिली कसोटी होय.