आकड्यांची चित्रं करणं थांबवा

मी काय करते असं कुणी विचारलं की ‘पॉलिमर कॉम्पोझिटवर संशोधन’ असं सांगते. खरं तर मी ठिपके टिपते. दुसऱ्यांच्या शोधनिबंधातला आलेख वेबप्लॉटडिजिटायझरमध्ये उघडायचा आणि एकेका ठिपक्यावर क्लिक करून त्याचा आकडा मिळवायचा. हा आकडा आलेख काढणाऱ्याच्या एक्सेलमध्ये होताच की! त्याने आकड्याचं चित्र केलं, मी चित्राचा पुन्हा आकडा करते.

निबंधाच्या शेवटी लिहिलेलं असतं, ‘योग्य विनंती केल्यास डेटा मिळेल.’ मी विनंत्या केल्या. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. माझ्या विनंत्या योग्य नसाव्यात.

कॉम्पोझिटमध्ये हे जास्तच नडतं. स्फटिकाचे बरेच गुणधर्म अणूंच्या मांडणीवरून गणिताने काढता येतात. इपॉक्सीत सिलिकाचे नॅनोकण घातले की ते जमत नाही. इपॉक्सी तीच, कणही तेवढेच. पण ते नीट पसरले की गुठळ्या झाल्या, त्यांच्या पृष्ठभागावर कसली प्रक्रिया केली होती, मिश्रण किती वेळ ढवळलं, यावर सगळं फिरतं. आणि नेमकं हेच निबंधात ‘नेहमीच्या पद्धतीने’ म्हणून उरकतात. अमेरिकेतला नॅनोमाइन हा खुला साठा घटक, प्रक्रिया, सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रं आणि गुणधर्म एकत्र ठेवतो. पण त्यातलाही बराच डेटा छापील निबंधांतूनच वेचावा लागलाय.

‘आम्ही राबायचं आणि फुकट वाटायचं?’ एका वरिष्ठांनी मला ऐकवलं. सर, राबलात तुम्हीच. पण यंत्र, वीज आणि फेलोशिप लोकांच्या पैशातून आली. श्रेय हवं तर डेटासेटलाही डीओआय मिळतो, तो वापरणाऱ्याला संदर्भ द्यायला लावा.

प्रथिनांवर काम करणाऱ्यांनी १९७१मध्ये प्रोटीन डेटा बँक सुरू केली, तेव्हा तिच्यात फक्त ७ रचना होत्या. पुढे नियतकालिकांनी अट घातली: आधी रचना जमा करा, मग छापू. त्याच साठ्यावर अल्फाफोल्ड शिकलं आणि २०२४चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल त्याच्या कर्त्यांना मिळालं. आमच्याकडे मात्र ‘एआय नवं मटेरियल शोधेल’ अशी भाषणं होतात, आणि त्याला शिकवायला आमच्याजवळ काय, तर जेपेग.

त्यात फसलेले नमुने तर कुणी छापतच नाही. गुठळी कधी होते हे मशीनला कळणार कुठून? माझ्या वहीत असे १९ नमुने आहेत. ढवळण्याच्या मिनिटांसकट त्यांची फाइल मी झेनोडोवर टाकतेय. गाइडना अजून सांगितलेलं नाही.