जर्मन बोलताना ‘मला’ विसरू नका

साताऱ्या-सांगलीहून जर्मनीस गेलेल्या मुलामुलींना नव्या भाषेची खरी निकड भासते ती दुखणेखुपणे सांगताना. इंग्रजीच्या वळणाने ‘इश बिन काल्ट’ म्हटले, तर ‘मी थंड स्वभावाचा आहे’ असा अर्थ निघू शकतो. येथे मराठीच अधिक उपयोगी पडते. ‘मला थंडी वाजते’ यातील ‘मला’ म्हणजे ‘मिर’. म्हणून ‘मिर इस्ट काल्ट’. ‘मला चक्कर येते’ म्हणजे ‘मिर इस्ट श्विंडलिश’. ‘मला मळमळते’ म्हणजे ‘मिर इस्ट श्लेश्ट’. आपला ‘तुम्ही’ आणि ‘तू’ हा भेदही तेथे ‘झी’ आणि ‘डू’ या रूपांत भेटतो.

परदेशी असाल, तर बोलण्यासाठी आजारपणाची वाट पाहू नका. बेकरीत पाव घेताना, जिन्यात शेजारी भेटता दोन वाक्ये बोला. न कळल्यास ‘बिट्टे, लांगझाम’, म्हणजे ‘कृपया सावकाश’, म्हणा. तातडीच्या मदतीचा क्रमांक आपल्याप्रमाणे तेथेही ११२ आहे. मात्र आपला पत्ता जर्मनमध्ये सांगण्याचा सराव आधीच करून ठेवा.

आणि घरी असलेल्या आईवडिलांनो, ‘जेवलास का?’ यापाठोपाठ ‘आज कोणाशी जर्मन बोललास?’ हेही विचारा. त्या उत्तरातून लेकराचे एकटेपण वेळीच कळेल.