एकट्याची होडी, सर्वांचा किनारा

नॉर्वेच्या किनाऱ्याने, स्वीडनच्या सरहद्दीपासून थेट रशियाच्या सरहद्दीपर्यंत, कोणी कयाकमधून म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद, वरून झाकलेल्या होडीतून गेला की त्याचा वृत्तान्त आपला सुशिक्षित मध्यमवर्ग आवडीने वाचतो आणि निष्कर्ष काढतो तो असा : पाहा, माणूस स्वतःच्या बळावर काय करू शकतो, त्याला ना सरकार लागते, ना समाज. या निष्कर्षाचा समाचार घेणे अगत्याचे आहे.

वल्हवणाऱ्याचे श्रेय कोणी नाकारीत नाही. सुमारे तीन हजार किलोमीटरांचे ते अंतर तोडण्यात बहुधा अख्खा उन्हाळा जातो. वाटेतील स्टाडचे भूशिर तर असे बेभरवशाचे, की जुने दर्यावर्दी त्याला वळसा घालण्यापेक्षा आपल्या होड्या ड्राग्साइडच्या खिंडीतून जमिनीवरून ओढून नेणे पसंत करीत. पण हात थकले की हा वीर जातो कोठे? कोणाच्या तरी जमिनीवर उतरतो, तंबू ठोकतो, आणि त्याला कोणी हाकलून देत नाही. याचे कारण त्याच्या दंडांत नसून कायद्यात आहे. १९५७ च्या कायद्याने तेथील बिनलागवडीच्या जमिनीवर, मग ती खासगी का असेना, कोणालाही हिंडण्याचा, किनाऱ्याला होडी लावण्याचा आणि राहत्या घरापासून दीडशे मीटर दूर राहून दोन रात्रीपर्यंत मालकास न विचारता मुक्काम करण्याचा अधिकार आहे. रिवाज जुनाच होता. पण मालमत्तेच्या हक्कापुढे नुसता रिवाज टिकत नाही, हे ओळखून गेरहार्डसेन यांच्या मजूर पक्षाच्या राजवटीत त्याला कायद्याचे रूप मिळाले. १९६५ मध्ये किनाऱ्यालगतच्या शंभर मीटरांत बांधकामास तात्पुरती बंदी आली. पुढे ती कायम झाली. त्याआधी १९४७ मध्ये कामगारांना तीन आठवड्यांची पगारी रजा मिळाली होती. रजाच नसती, तर मोकळा किनारा कोणासाठी होता?

दीपगृहांचेही तेच. बाजार जे पुरवू शकत नाही त्याचे उदाहरण म्हणून अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके पिढ्यान्‌पिढ्या दीपगृहाकडे बोट दाखवीत आली. १९७४ मध्ये रोनाल्ड कोस यांनी इंग्लंडातील खासगी दीपगृहांचा इतिहास पुढे मांडला आणि बाजारवाद्यांना आनंदाचे भरते आले. ते शुल्क राजसत्तेने दिलेल्या अधिकाराच्या जोरावर बंदरांत वसूल होत असे, एवढे मात्र ते सोयीस्करपणे विसरतात. नॉर्वेच्या दक्षिण टोकाला, लिंडेस्नेस येथे, १६५६ मध्ये एका खासगी गृहस्थाने राजाच्या परवान्याने दिवा लावला. तो थोड्याच काळात विझला आणि पुन्हा पेटला १७२५ मध्ये. त्या पहिल्या परवान्याने पाडलेला उजेड एवढाच. सागरी बचाव संस्था १८९१ ची. ती सरकारी नव्हे, परंतु लोकांच्या वर्गणीवर उभी राहिलेली, म्हणजे तीही कोणा एकट्याची नव्हे.

आता संकट आहे ते या शंभर मीटरांवर. बंदीला अपवाद करण्याचा अधिकार नगरपालिकांकडे आहे आणि त्यांच्याकडे येणारे बहुसंख्य अर्ज मंजूर होतात. (आपल्याकडे २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील विकासनिषिद्ध पट्टा दोनशे मीटरांवरून पन्नासवर आणला, तेव्हा विरोधाला उभे राहिले ते मच्छीमार, धाडसकथांचे वाचक गप्प होते.) ऑस्लोच्या खाडीभोवती धनिकांची उन्हाळी घरे, खासगी धक्के आणि पाण्यापर्यंत उतरलेली हिरवळ यांची दाटी झाली आहे. यातली मेख अशी की मुक्कामाचा अधिकार बिनलागवडीच्या जमिनीपुरता आहे. खडकाळ माळाची एकदा बाग झाली, की कायद्याचा एक शब्दही न बदलता तो तेथे संपतो, आणि दिवसभर वल्हवून आलेल्या माणसाला अंग टेकण्याजोगा खडक सापडेपर्यंत पुढे वल्हवत राहावे लागते.