आरशातली ती बाई कोण?

मैत्रिणींनो, घरातल्या वयस्क सासूबाई आरशासमोर उभ्या राहून "ही म्हातारी कोण शिरलीय घरात?" असं विचारू लागल्या, की सगळं घर हादरतं. कुणी हसतं, कुणी 'बाहेरचं' समजून अंगारा आणतं. पण हा मेंदूचा आजार असू शकतो.

'मी कोण' हे मेंदू आठवणींच्या आधारानं सतत जुळवत असतो. अल्झायमरच्या आजारात नव्या आठवणी साठवायला मदत करणारा भाग बहुधा सुरुवातीलाच झिजतो. मग सकाळचा चहा आठवत नाही, पण लहानपणची शाळा लख्ख आठवते. मधली तीस-चाळीस वर्षं पुसली गेली, की मनातली 'मी' तरुणच उरते. आरशातले पांढरे केस तिला आपले कसे वाटावेत?

१९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे नावाची ५१ वर्षांची गृहिणी दाखल झाली. डॉ. आलॉइस अल्झायमर यांनी नाव लिहायला सांगितलं, तर तेही तिला पुरतं जमेना. आपण स्वतःलाच हरवून बसलो, असं ती म्हणे. १९०६ साली ती वारल्यावर डॉक्टरांनी तिचा मेंदू तपासला. पुढे आजाराला त्यांचंच नाव पडलं.

आता घरी काय करावं? आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडच्या तक्रारीनं किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनंही विसराळूपणा येतो, आणि त्यावर औषध आहे.

आरशाची भीती वाटत असेल, तर त्यावर पडदा टाका. "अहो आई, त्या तुम्हीच!" असा वाद घालू नका, त्यानं घाबरणं वाढतं.

आपल्याकडे पूर्वी लग्नात मुलीचं नाव बदलत. सासरच्या नावाला ओ आली नाही, तर माहेरच्या नावापुढे 'ताई' लावून हाक मारून पाहा. जुने फोटो दाखवा, भोंडल्याची गाणी म्हणा. शब्द विसरले तरी चाली पुष्कळदा टिकतात.

आणि हो, हा भार एकट्या सुनेवर नको. मुलांनी, लेकींनी, नातवंडांनी पाळ्या लावून घ्याव्यात. सासूबाईंना तुमचं नाव आठवणार नाही कदाचित; पण कोण मायेनं बोलतं आणि कोण खेकसतं, हे त्यांना बरोबर कळतं.