ऊस कोणामागं गेला?

दोस्तांनो, पाऊस अन् माती पाहून पीक ठरते, असं भूगोलाचं पुस्तक सांगते. उसाच्या बाबतीत ही शुद्ध थाप आहे.

अमरावतीत वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सोलापुरात ५५० च्या आसपास. तरी साखर कारखान्यांची धुराडी सोलापुरात, अन् आमच्या वलगावात पेढीच्या काठी पराटी, तूर, सोयाबीन. ऊस पावसामागं गेलाच नाही. तो कालव्यामागं गेला, अन् कालवा सत्तेमागं.

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरेचा डावा कालवा काढला, १८८५ मध्ये. काढला दुष्काळ हटवायला, त्यावर पोसला ऊस. १९५० मध्ये प्रवरेकाठी सहकारी कारखाना सुरू झाला. मग सरकारी भांडवल, सरकारी हमी, १९८० चं उजनी धरण. आज राज्यातल्या पिकाऊ जमिनीचा जेमतेम चार-पाच टक्के भाग उसाखाली, पण सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी एकटा ऊस ढोसतो.

१९८४ मध्ये दांडेकर समितीनं सिंचनाचा अनुशेष आकड्यांत मांडला. तेव्हापासून वऱ्हाडातले पुढारी ओरडतात, आमचं पाणी द्या! द्याच. पण मी विचारतो, त्यातलं आमच्या बौद्धपुऱ्याले काय भेटन? ऊस उत्पादक सभासद व्हायला जमीन लागते. भूमिहीनाला या सहकारात एकच जागा मोकळी, उसाचा फड. तिथं नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. माणसं नाहीत, हत्यार! मुकादमाची उचल फेडता फेडता हाडं झिजतात. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांची सरकारी पाहणी झाली. १३ हजारांहून जास्त बायांची गर्भाशयं काढलेली निघाली. साखरेच्या गोडीचा हिशेब असा आहे, बाप हो!

म्हणून पाटलाच्या शेतात पाणी आलं की महारवाडा हिरवा होईल, ही भूलथाप आपण ऐकायची नाही. दुसरी वाट याच महाराष्ट्रात आहे. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणशी. माणशी अर्ध्या एकराचं. भूमिहीनालाही हक्क. अन् उसाला बंदी.

अनुशेषाच्या मोर्चात जरूर जा. पण फलक आपला न्या : माणशी पाणी, भूमिहीनालाही पाणी. हे कबूल नसेल तर पुढाऱ्यांनो, तुमच्या कारखान्याच्या भूमिपूजनाला आमच्या वस्तीतलं एक पोरगंही येणार नाही.

जयभीम!