खड्डा देवाने खणलेला नव्हता

माझ्या धाकट्या भावाच्या दफनविधीत पाळकसाहेबांनी जो उपदेश केला, त्यात एक वाक्य चार वेळा आलं : ही देवाची इच्छा होती. मी मोजत होतो. अशा वेळी माणूस काहीतरी मोजत राहतो. चौथ्या वेळी मंडळीतून 'आमेन' उमटलं आणि माझ्या शेजारी उभे असलेले गावातले एक वजनदार गृहस्थ हलकेच म्हणाले, "खरंय. आपल्या हातात काय असतं?"

त्यांच्या हातात बरंच काही होतं. पाइपलाइनसाठी रस्ता खणणारा ठेकेदार गावात त्यांच्याच ओळखीने आला होता. तो खड्डा 9 दिवस उघडा होता. कठडा नाही, दिवा नाही, लाल फडकं बांधलेली साधी काठीसुद्धा नाही. भाऊ एमआयडीसीतली दुसरी पाळी संपवून रात्री मोटारसायकलवर घरी येत होता. 22 वर्षांचा होता. दफनानंतर तिसऱ्या दिवशी खड्डा बुजवलेला दिसला. एका रात्रीत. म्हणजे तो बुजवता येत होता.

मी तक्रार करायचं म्हटलं तेव्हा मंडळीतले दोन-तीन वडीलधारे घरी आले. प्रार्थना केली, चहा घेतला आणि म्हणाले, "बाळा, तक्रारीने तो परत येणार आहे का? देवाच्या इच्छेला शरण जा." त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण त्या संध्याकाळी मला कळलं की या वाक्याचा सगळ्यात मोठा फायदा आम्हाला झाला नव्हता, ठेकेदाराला झाला होता.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आमच्याकडे रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला, तर सकाळी अहवाल लिहावा लागतो : काय घडलं, का घडलं, कुठली तपासणी चुकली, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. या अहवालाला आमच्या धंद्यात पोस्टमॉर्टेम म्हणतात. भावाचं खरंखुरं शवविच्छेदन झाल्यापासून तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. पण विचार करा, त्या अहवालात कारणाच्या रकान्यात कोणी 'देवाची इच्छा' लिहिलं तर त्याची नोकरी टिकेल का? एका दुकानाचं संकेतस्थळ 40 मिनिटं बंद राहिलं, तर आम्ही कारण शोधल्याशिवाय उठत नाही. माणूस गेला की मात्र कारण शोधणं ही अश्रद्धा ठरते.

आमच्यासारख्या नगरच्या ख्रिस्ती माणसांनी तरी हे करू नये, कारण आमचा इतिहास वेगळा आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरमध्ये 1831 साली आलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत, विशेषतः 1876-78च्या आणि नंतर शतक सरतानाच्या दुष्काळांच्या आगेमागे, महारवाड्या-मांगवाड्यांतली कितीतरी घरं ख्रिस्ती झाली. आमचं त्यातलंच. 'पोटासाठी बाटले' हा टोमणा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकतोय. ऐकू द्या. आमच्या पणज्यांना त्याआधी काय सांगितलं जात होतं? तुमची उपासमार, तुमचं गावाबाहेरचं राहणं हे तुमचं प्राक्तन आहे, मागच्या जन्माचं देणं आहे, ते निमूट फेडा. नव्या धर्मात त्यांनी जे पहिल्यांदा ऐकलं असेल, ते हेच की तुझी ही अवस्था देवाने ठरवलेली नाही. प्राक्तनाला पुढच्या दाराने घालवून आम्ही 'देवाची इच्छा' हे नवं नाव देऊन त्यालाच मागच्या दाराने घरात घेतलं.

आणि याची सवय झाली की ती सगळीकडे लागते. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. यावरही "प्रभू पाहून घेईल" म्हणणारी माणसं मी आमच्या मंडळीत पाहिली आहेत. तो सरकारी आदेश आहे. माणसांनी लिहिला, माणसांनी दोनदा बदलला.

आता शास्त्राकडे येतो, कारण मला शास्त्र दाखवूनच गप्प केलं गेलं. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण दर रविवारी काय मागतो? स्वर्गात देवाची इच्छा चालते तशी ती पृथ्वीवरही चालावी. म्हणजे अजून ती इथे पुरती चालत नाही. जे घडतं ते सगळं आधीच देवाच्या इच्छेने घडत असेल, तर ही मागणी कशासाठी? आणि त्या मागणीच्या लगेच पुढची मागणी आहे रोजच्या भाकरीची. दुष्काळातून आलेल्या माणसांच्या नातवंडांना हा क्रम वेगळा समजावून सांगायला नको.

मग गेथशेमाने बागेचा दाखला येतो. माझी नाही, तुझी इच्छा, असं येशू म्हणाला, मग तू कोण? पण त्याआधी काय झालं ते उपदेशात गाळलं जातं. हा प्याला टळू दे, असं त्याने आधी मागितलं. एकदा नाही, मत्तय सांगतो, तीनदा. पौलानेही शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदाच विनवलं, मग तो थांबला. शास्त्रातलं शरण जाणं असं आहे : आधी मागणं, भांडणं, घाम गाळणं आणि मग, जमलं तर, होकार. आमच्याकडे मागणं गाळून थेट होकारावर सही घेतात.

आणखी एक गोष्ट. ते वाक्य येशूने स्वतःच्या प्याल्याबद्दल म्हटलं. दुसऱ्या कोणाच्या प्रेतापाशी उभं राहून म्हटलं नाही. लाजराच्या कबरीपाशी तो रडला. बागेत बरोबर नेलेले तिघे शिष्य झोपले होते. त्यांनी उठून येशूला त्याचा प्याला कसा ईश्वरी योजनेचा भाग आहे हे समजावलं नाही, एवढं तरी त्यांचं कौतुक करायला हवं. तसं समजावणारे ईयोबाचे तीन मित्र होते. ते आले तेव्हा 7 दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वोत्तम काम. नंतर त्यांनी तोंड उघडलं आणि ईयोबाच्या दुःखाची कारणं देवाच्या वतीने सांगायला लागले. 42 अध्यायांच्या शेवटी देव रागावतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही, आपली बाजू मांडणाऱ्या या वकिलांवर.

कोणी म्हणेल, शरणागती हाच तर श्रद्धेचा गाभा. मान्य. पण 'शरण जातो' हे क्रियापद प्रथमपुरुषीच चालतं. लक्ष्मीबाई टिळक आमच्याच जिल्ह्यात राहिल्या, असं आम्ही अभिमानाने सांगतो. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा तो निर्णय लक्ष्मीबाईंवर कोसळला. त्या मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नगरला आल्या, जातपात मानण्याची स्वतःची सवय स्वतःच तपासली आणि 1900 साली स्वतःच्या पायांनी बाप्तिस्म्याला गेल्या. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कोणालाही माहीत आहे की ही बाई नवऱ्याशी वाद घालते, हसते, चिडते. तिचा होकार किमती आहे, कारण तिच्याकडे नकारही होता.

आणि ज्या मिशनचं आम्ही नाव सांगतो, त्यांनी दुष्काळाला देवाची इच्छा म्हणून हात जोडले नाहीत. ज्यांच्या घराण्याचं नाव नगरच्या ह्यूम मेमोरियल चर्चला आहे, त्या रॉबर्ट ह्यूम यांनी दुष्काळात मदतकार्य उभं केलं. डी. सी. चर्चिल हे मिशनरी तर इंजिनियर. विणकराच्या हाताला चार पैसे जास्त मिळावेत म्हणून त्यांनी नगरमध्ये जलद चालणारा हातमाग तयार केला. पुढच्या काळात स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी याच कोरड्या जिल्ह्यात पाणलोटाचं काम रुजवलं. त्यातून 1993 साली 'वॉटर' ही संस्था निघाली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत डोंगरउतारावर समतल चर खणले गेले, बांध घातले गेले, चराईबंदी झाली. पाऊस माणसाच्या हातात नाही, हे बाखरांनाही कळत होतं. पडलेलं पाणी अडवणं हातात आहे, एवढंच त्यांनी धरून ठेवलं. धर्मगुरूनेही खड्डेच खणायला लावले, पण पाणी मुरावं म्हणून.

सगळ्यात अवघड भाग आता. आईसुद्धा म्हणते, देवाची इच्छा. पहाटे चारला उठून अंधारात गुडघे टेकते, तेव्हा मला ऐकू येतं. पहिले काही महिने मला तिचाही राग यायचा. एकदा मी बोललो, "आई, देवाला एका पोराचा जीव घ्यायला पाइपलाइनचा खड्डा लागतो का?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझं नि देवाचं मी बघते. तू खड्ड्याचं बघ."

दुसऱ्या दिवशी माहिती अधिकाराच्या अर्जासाठी तिने स्वतः भावाच्या मृत्यूचा दाखला ट्रंकेतून काढून दिला. मी तिला 'तुझी श्रद्धा खोटी' म्हणण्याच्या लायकीचा नाही. ते वाक्य तिने रात्री जागून, देवाशी भांडून मिळवलं आहे. पाळकसाहेबांनी आणि त्या गृहस्थांनी ते फुकट वापरलं. शब्द तेच आहेत. आईच्या तोंडी ती प्रार्थना आहे आणि ज्याच्यावर जबाबदारी येऊ शकते त्याच्या तोंडी ती पळवाट आहे.

म्हणून मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना माझं सांगणं आहे. पुढच्या वेळी कुणाच्या घरात असं मरण झालं तर जरूर या. ईयोबाच्या मित्रांसारखे 7 दिवस बसा, डबा आणा, रडणाऱ्याला रडू द्या. देवाची इच्छा काय होती ते सांगू नका. तुम्हाला ती कोणी कळवलेली नाही. आणि आठव्या दिवशी त्या घरातल्या माणसाबरोबर पोलीस ठाण्यात चला, ग्रामसभेत त्याच्या शेजारी उभे राहा, अर्जावर साक्षीदार म्हणून सही करा. माझ्या अर्जाला अजून उत्तर आलेलं नाही. अपिलाची मुदत संपण्याआधी मी गावी जाणार आहे. बरोबर यायचं असेल त्याने सांगावं.