युरोपची सहल आणि रेल्वेचे वेळापत्रक

उन्हाळी सुट्टीला दोन-तीन महिने उरले की नागपूरच्या वृत्तपत्रांत युरोपच्या सहलींच्या पानभर जाहिराती झळकू लागतात. दहा-बारा दिवसांत सहा-सात देश, दोन्ही वेळा भारतीय जेवण आणि सोबतीला मराठी बोलणारा टूर मॅनेजर. या जाहिरातींचा ग्राहक कोण? सेवानिवृत्त प्राध्यापक, बँकेतील अधिकारी, शिक्षक दांपत्ये. म्हणजे आयुष्यभराच्या बचतीतला मोठा वाटा एका प्रवासावर खर्च करणारी माणसे. घर बांधताना विटांचा भाव दहा ठिकाणी विचारणारे हे कुटुंब प्रवासाच्या बाबतीत मात्र एकही निर्णय स्वतःकडे ठेवीत नाही. याच्या मुळाशी भीती आहे, आणि ती कशाची आहे हे एकदा तपासून पाहावयास हवे.

सहल-व्यवसायाला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. ज्या स्त्रियांना एकटीने पुण्या-मुंबईलाही कोणी जाऊ देत नसे, त्यांना या व्यवसायाने परदेश दाखविला. गुडघेदुखीने बेजार झालेल्या वृद्धांना किंवा इंग्रजीचा धसका घेतलेल्यांना त्याचा आधार वाटला तर त्यात गैर काही नाही. परंतु धडधाकट, शिकल्यासवरलेल्या माणसालाही ‘तुम्हाला हे झेपणार नाही’ असे जेव्हा पटवून दिले जाते, तेव्हा विक्री आधाराची न राहता भयाची होऊ लागते.

बहुतेक सहली बसने होतात. मुक्काम बहुधा शहराबाहेर, महामार्गालगतच्या हॉटेलात. सकाळी सामान बसमध्ये, दुपारी एखाद्या स्मारकापुढे छायाचित्र, संध्याकाळी पुन्हा महामार्ग. (युरोपात साडेचार तास गाडी हाकल्यावर चालकाला पाऊण तास विसावा द्यावा, असा कायदाच आहे. आपले प्रवासी या थांब्यांवर कुरकुरतात. आपल्याकडेही मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ सालीच कायदा झाला होता. रात्रभर नागपूर-पुणे बस हाकणाऱ्या चालकाला त्याचा लाभ किती मिळाला, हे त्यालाच विचारावे.) रेल्वेशी अशा सहलीचा संबंध येतो तो फार तर युंगफ्राउयोखच्या डोंगरी गाडीपुरता. ३४५४ मीटर उंचीवरचे ते स्थानक १९१२ साली सुरू झाले, आणि ते पाहण्यासारखे आहेच. पण तेथील बर्फात छायाचित्रे काढून परतणाऱ्यांना त्या देशाची खरी करामत दिसतच नाही. ती करामत म्हणजे तेथले साधे वेळापत्रक.

स्विस जनतेने १८९८ साली मतदान करून मुख्य रेल्वेमार्ग राष्ट्राच्या मालकीचे करण्यास संमती दिली, आणि १९०२ पासून संघीय रेल्वेचा कारभार सुरू झाला. १९८२ साली त्या रेल्वेने ठराविक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक देशभर लागू केले. एखादी गाडी आठ वाजून दोन मिनिटांनी सुटत असेल तर नऊ, दहा, अकरा वाजूनही दोन मिनिटांनी ती सुटणारच. गाव कितीही लहान असो, गाडीला जोडून बस ठेवलेली असते. ही व्यवस्था वाढविण्याचा खर्च करावा की नाही, हा प्रश्न १९८७ साली पुन्हा मतदानाला टाकण्यात आला, आणि लोकांनी होकार दिला. रेल्वेचे वेळापत्रक हा लोकमताने ठरणारा विषय होऊ शकतो, ही कल्पना आपल्याला अद्याप नवीच आहे. असे वेळापत्रक हाती असले म्हणजे वाटाड्याची गरज उरत नाही, कारण वाटाड्याचे निम्मे काम त्या वेळापत्रकाने आधीच केलेले असते.

स्वतः आखणी करावयाची तर देश मोजणे प्रथम सोडावे. एक उदाहरण घेऊ. पॅरिसमध्ये चार मुक्काम करावेत. तेथून झ्यूरिक थेट गाडीने सुमारे चार तासांवर आहे. झ्यूरिकला तीन-चार दिवस राहून आसपासची गावे रोज गाडीने पाहून परतता येते. पुढे गोट्टहार्डच्या ५७ किलोमीटर लांबीच्या, २०१६ साली खुल्या झालेल्या बोगद्यातून मिलान, तेथून व्हेनिस, आणि व्हेनिसहून रात्रीच्या गाडीने व्हिएन्ना. पंधरा दिवसांत चार देश होतात, आणि एकाही दिवशी पहाटे सामान बांधून रांगेत उभे राहावे लागत नाही.

युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी युरेल पास १९५९ पासून मिळतो. तो घेतला की सर्व काही झाले, असा मात्र समज नसावा. फ्रान्सच्या व इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागेचे आरक्षण वेगळे पैसे भरून करावे लागते. रात्रीच्या गाडीतील बर्थचेही तसेच. उलट जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड येथील बहुतेक दिवसाच्या गाड्यांत आरक्षणावाचून बसता येते. लांबचे प्रवास चारच असतील तर आगाऊ काढलेली सुटी तिकिटे अनेकदा पासहून स्वस्त पडतात. पॅरिसला लंडनची गाडी एका स्थानकावर येते आणि झ्यूरिकची दुसऱ्याच स्थानकावरून सुटते, हेही ध्यानी ठेवावे. दादर, कुर्ला आणि मुंबई सेंट्रल यांचा घोळ निस्तरलेल्या नागपूरकराला यात घाबरण्यासारखे काय आहे?

भीतीचा खरा भाग व्हिसात आहे. शेंगेन करारातील २९ देशांना एकच व्हिसा चालतो. ज्या देशात मुक्काम अधिक, त्याच्याकडे अर्ज करावयाचा. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. किमान ३०,००० युरोचा विमा, बँकेचे उतारे, रजेचे पत्र, राहण्याची व्यवस्था, आणि जून २०२४ पासून ९० युरो शुल्क. नकार मिळाला तर हे शुल्क परत मिळत नाही. ज्या खंडात स्वतःच्या नागरिकांसाठी सरहद्दी पुसल्या गेल्या, तो आपल्या माणसाकडून तो परत जाईल याची कागदोपत्री हमी मागतो, ही विषमता डोळ्याआड करता येणार नाही. परंतु सहल-कंपनीच्या हातीही व्हिसा नसतो, निर्णय वकिलातीचाच. म्हणून नकार आल्यास रद्द करता येईल अशीच हॉटेले घ्यावीत, आणि परत न मिळणारी तिकिटे व्हिसा हाती पडल्यावर काढावीत.

तेथे सारे आलबेल आहे असेही नाही. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक गाड्या २०२४ साली उशिरा धावल्या. वर्षानुवर्षे रुळांवर पुरेसा पैसा खर्च केला नाही, त्याचे हे फळ आहे. तेथे गाडी बदलण्यासाठी दहा मिनिटांऐवजी तासभर हाताशी ठेवावा. फ्रान्स-इटलीत संप होतात; त्यांची सूचना आगाऊ द्यावी लागते, तेव्हा एक दिवस मोकळा ठेवणे पुरते. मे १९७४ चा रेल्वे संप ज्यांना आठवतो, त्यांनी तरी यावर चिडू नये.

‘आपल्या लोकांना स्वतःहून प्रवास जमत नाही’ हे वाक्य नागपुरात ऐकले की विशेष नवल वाटते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी लाखो माणसे दीक्षाभूमीवर येतात. त्यांत शेतमजूर असतात, अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या असतात. भाकरी बांधून, जनरल डब्यात उभ्याने, गाड्या बदलीत त्या येतात आणि परत जातात. त्यांच्यासाठी कोणी छत्री उंच धरून पुढे चालत नाही. त्यांना जे जमते ते पदवीधरांना जमू नये, याचे कारण बुद्धीत शोधण्यात अर्थ नाही. सार्वजनिक व्यवस्थेत पाऊल ठेवण्याची सवयच या वर्गाने टाकून दिली आहे. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ च्या डिसेंबरात, गीतांजली एक्स्प्रेस नागपूरमार्गे धावू लागली ती वर्गविरहित गाडी म्हणून. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली तीही त्यांच्याच कारकीर्दीत. पुढे वरचे वर्ग वाढत गेले आणि मध्यमवर्ग त्यांत जाऊन बसला.

ज्यांना युरोपला जाण्याआधी हात बसवून घ्यावयाचा आहे, त्यांच्यासाठी आपल्या रेल्वेच्या नियमांत एक जुनी सोय आहे. तिला वर्तुळाकार प्रवासाचे तिकीट म्हणतात. जेथून निघावे तेथेच परतावयाचे, वाटेत आठपर्यंत ठिकाणी उतरता येते, आणि लांब अंतराचा दर लागत असल्याने ते सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडते. ते खिडकीवर सहजासहजी मिळत नाही. मार्ग स्वतः आखून विभागीय वाणिज्य कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो, आणि आरक्षण पुन्हा वेगळे. नागपुरात तर मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोहोंची विभागीय कार्यालये आहेत. नागपूर, हैदराबाद, चेन्नई, भुवनेश्वर, कोलकाता आणि परत नागपूर, असा एखादा मार्ग येत्या दिवाळीसाठी कागदावर मांडून पाहावा. आरक्षण साठ दिवस आधी उघडते, तेव्हा अर्ज त्याच्या पुष्कळ आधी गेला पाहिजे.